लेक पॉवेलवर, बोट पाण्यात उतरेपर्यंत

पहाटे सव्वाचारला आम्ही पेज गावातून निघालो. पूर्वेला नुसती राखाडी रेघ उमटली होती. ताई गाडी चालवत होती आणि मागे ट्रेलरवर तिची १९ फुटी बोट होती. भावोजी आणि मुलं दुसऱ्या गाडीने सातला येणार होती.

"इतक्या लवकर कशाला पण?" मी विचारलं.

"सात वाजता तुझं तुलाच कळेल," ती म्हणाली.

लेक पॉवेलला यायचं आमचं दोन वर्षांपासून चाललं होतं. ॲरिझोना आणि युटा यांच्या सीमेवर, वाळवंटात, कोलोरॅडो नदी अडवून केलेला हा जलाशय. ग्लेन कॅन्यन धरणाचे दरवाजे मार्च १९६३ मध्ये बंद झाले आणि तळं पहिल्यांदा काठोकाठ भरायला १९८० साल उजाडलं. पेज गावसुद्धा धरणाच्या कामगारांसाठीच १९५७ मध्ये वसवलेलं. तांबड्या खडकांच्या घळींमधून बोट आत आत नेता येते, दोन्ही बाजूंना उंच भिंती आणि वर आकाशाची पट्टी. त्या घळींबद्दल पुढच्या वेळी लिहीन. आज मला रॅम्पबद्दल लिहायचं आहे, कारण चार दिवसांत सगळ्यात जास्त शिकले ती तिथे.

ज्यांनी पाहिला नसेल त्यांच्यासाठी सांगते. रॅम्प म्हणजे काठावरून थेट पाण्यात उतरत गेलेला काँक्रीटचा रुंद उतार. गाडी उलटी चालवत ट्रेलर पाण्यात घालायचा, बोट तरंगली की सोडवायची, रिकामा ट्रेलर वर न्यायचा. सांगायला तीन वाक्यं लागतात. पण चढ साधारण १२ ते १५ टक्क्यांचा, खालचा भाग शेवाळाने निसरडा, ट्रेलर डावीकडे न्यायचा तर स्टिअरिंग उजवीकडे फिरवायचं, आणि मागे दहा गाड्या खोळंबलेल्या.

पेजजवळच्या वाहवीपच्या रॅम्पवर पोचलो तेव्हा अजून अंधारच होता. खाली एक पिकअप पाण्याकडे पाठ करून उभी होती आणि तिचे हेडलाइट पूर्ण झोतात आमच्या डोळ्यांवर येत होते. रॅम्पवर उलटं उतरताना गाडीचं तोंड वर, रांगेकडे असतं. वरून उलटा येणारा माणूस आरशात बघतो आणि त्याला झोताशिवाय काही दिसत नाही. ताईने उतारावर वळायच्या आधीच मोठे दिवे बंद करून छोटे तेवढे ठेवले. "ही सगळ्यात सोपी गोष्ट आहे गं," ती म्हणाली, "आणि निम्मे लोक करत नाहीत."

ती सरळ रॅम्पवर गेलीही नाही. वरच्या मोकळ्या जागेत कडेला गाडी लावली आणि म्हणाली, "आता पंधरा मिनिटं आपण कोणाच्या वाटेत नाही. सगळं इथेच करायचं." सामान बोटीत चढवलं. लाइफ जॅकेटं मोजली. बोटीच्या मागच्या बाजूला ट्रेलरशी आवळलेले पट्टे सोडले. ते विसरले तर ट्रेलर पाण्यात जातो, बोट मात्र तरंगत नाही, आणि माणूस ट्रेलर आणखी खोल घालत राहतो. पुढचा विंचचा, म्हणजे बोट ट्रेलरवर ओढून घेणाऱ्या चरकाचा, पट्टा तिने तसाच ठेवला. तो बोट पाण्याला लागल्यावरच काढायचा. घाईने वरच काढला आणि ट्रेलर रोलरचा, म्हणजे बोट फिरत्या रुळांवर टेकणारा, असला तर बोट उतारावर घसरून काँक्रीटवर आपटते. ट्रेलरच्या दिव्यांची वायर उपसली, कारण गरम बल्ब थंड पाण्यात तडकतो. सीटबेल्ट काढला आणि काचा खाली केल्या, गाडी घसरलीच तर बाहेर पडता यावं म्हणून. मग तिने बोटीची किल्ली काढली. किल्लीच्या दोरीला एक पितळी बूच बांधलेलं होतं.

हे बूच बोटीच्या मागच्या बाजूला, अगदी तळाशी बसतं. आत साचलेलं पाणी काढून टाकण्यासाठी तिथे भोक असतं. बोट रस्त्यावरून नेताना बूच काढून ठेवायचं, असा ॲरिझोना आणि युटा दोन्हीकडे कायदा आहे. त्याचं कारण क्वागा नावाचा नखाएवढा शिंपला. मूळचा युक्रेनमधल्या नीपर नदीच्या भागातला. २००७ च्या जानेवारीत तो याच नदीवर खाली असलेल्या लेक मीड जलाशयात सापडला आणि २०१३ मध्ये लेक पॉवेलमध्येही प्रौढ शिंपले मिळाले. त्याची पिल्लं डोळ्यांना दिसत नाहीत. बोटीत राहिलेल्या पाण्यातून ती एका तळ्यातून दुसऱ्यात जातात आणि पुढे पाइप, पंप, धरणांची यंत्रं यांवर थर चढतात. म्हणून तळ्यावरून निघताना बोट धुवायची, पाणी काढायचं आणि वाळवायची. युटात उन्हाळ्यात ७ दिवस, वसंतात आणि शरदात १८ दिवस, हिवाळ्यात ३० दिवस, असे वाळवण्याचे दिवसही ठरवून दिलेले आहेत. नियम मला पटतो. पण त्याचा अर्थ असा की रॅम्पवर येणाऱ्या प्रत्येक बोटीला तळाशी एक उघडं भोक असतं आणि ते बंद करायचं कोणीतरी लक्षात ठेवावं लागतं.

"बूच हातात घेतल्याशिवाय किल्लीच हातात येत नाही," ताई म्हणाली आणि ते फिरवून घट्ट बसवलं. दोरी सोडून किल्ली तेवढी खिशात टाकली.

उतारावर आम्हाला तीन मिनिटंसुद्धा लागली नाहीत. मी दोरी धरून धक्क्यावर उभी राहिले, ताईने ट्रेलर वर नेऊन लावला, आणि आम्ही बोट बाजूच्या वाळूत नाक टेकवून बांधली. धक्का पुढच्या माणसासाठी मोकळा. मग वरच्या कडेला बसून भावोजींची वाट बघू लागलो. समोरच्या खडकांवर पांढरा पट्टा दिसत होता. एकेकाळी पाणी तिथपर्यंत होतं. एप्रिल २०२३ मध्ये पातळी पूर्ण भरलेल्या तळ्यापेक्षा १८० फूट खाली गेली होती. त्याआधी २०२१ च्या उन्हाळ्यात तर वाहवीपच्या मुख्य रॅम्पवरून हाऊसबोटी उतरवणं थांबवावं लागलं, कारण काँक्रीट जिथे संपतं तिथे पाणीच पुरेसं खोल नव्हतं. जेव्हा रॅम्प कमी उरतात तेव्हा सगळी गर्दी उरलेल्यांवर येते. एकाने वाया घालवलेली दहा मिनिटं मग पन्नास माणसांच्या सकाळीतून जातात.

सात वाजता ताईचं म्हणणं खरं ठरलं. रांग वरच्या रस्त्यापर्यंत गेली होती. एका माणसाने उतारावर गाडी उभी करून तिथेच सामान चढवायला घेतलं. आधी पिशव्या, मग दोऱ्या, मग मुलांना एकेक करून जॅकेटं. एकाने बोट उतरवली आणि पिकअप रिकाम्या ट्रेलरसकट उतारावरच सोडून बोटीत गप्पा मारत बसला. दोघंजण तिरपे घुसले आणि तीन गाड्या मावतील एवढ्या जागेत एकेकट्याने उभे राहिले. ही माणसं नवशिकी नव्हती. त्यांच्या बोटी महागड्या होत्या, हात सराईत होते. त्यांना फक्त मागे कोणी उभं आहे याचं भान नव्हतं, आणि त्याचा मला मनापासून राग आला.

मग ते बापलेक आले. जुनी बोट, बहुधा नुकतीच घेतलेली. मुलगा नऊ-दहा वर्षांचा. बापाने चार वेळा पुढे-मागे करून ट्रेलर सरळ केला तोवर मागून हॉर्न सुरू झाले होते. त्याने घाईघाईने बोट सोडली, दोरी मुलाच्या हातात दिली आणि गाडी लावायला वर गेला. मुलगा दोन्ही हातांनी दोरी धरून धक्क्यावर उभा राहिला.

ताई बोलता बोलता थांबली. "ती बोट मागून बसतेय," ती म्हणाली आणि पळत सुटली.

मला आधी काहीच वेगळं दिसलं नाही. मग दिसलं. इंजिनाची बाजू पाण्यात जरा जास्तच खाली होती आणि नाक वर येत होतं. पुढचा माणूस त्याच जागेत ट्रेलर घालायला उलटा येत होता. ताई उतारावर मधोमध दोन्ही हात वर करून उभी राहिली. त्याने काच खाली करून काहीतरी रागाने विचारलं. ताईने फक्त बोटीकडे बोट दाखवलं, आणि तो गप्प झाला. उतरला, स्वतःच्या बोटीतून हातपंप काढला आणि धक्क्यावरून त्या बोटीत चढून पाणी उपसू लागला. मघाशी हॉर्न देणाऱ्यांत हाही एक होता. त्याच्याबद्दलचं माझं मत तिथल्या तिथे बदललं.

ताई कमरेएवढ्या पाण्यात उतरली, बोटीच्या मागे हात घालून भोक चाचपलं आणि फडका कोंबून दाबून धरलं. मी मुलाजवळ जाऊन दोरीला हात लावला. त्याने दोरी सोडली नाही. "बाबांनी धरायला सांगितलंय," तो म्हणाला. "मग दोघं धरू," मी म्हटलं.

वर कडेला सहा-सात जण फोन उंचावून उभे होते. अशा फजितीचे व्हिडिओ लाखो लोक बघतात हे मला ठाऊक आहे. मीही बघितले आहेत, आणि बघताना त्या चित्रात दोरी धरलेलं मूल असतं हे कधी मनात आलं नव्हतं. एकाही फोनधारकाच्या हातात त्या वेळी दुसरं काही नव्हतं. खाली यायला वीस पावलं पुरली असती. ज्याला ठाऊक असून जो दुसऱ्याला खोळंबवतो त्याला दोन शब्द सुनवावेत. पण ज्याला ठाऊकच नाही त्याच्यापाशी जाऊन उभं राहावं, एवढंच त्या क्षणी मला वाटत होतं.

बाप धावत आला आणि परत गाडीकडे धावला. पण आता त्याला ट्रेलर सरळ घालणं जमेना. छोटा ट्रेलर तर मोठ्यापेक्षाही पटकन वाकडा होतो. रांगेतले एक वयस्क गृहस्थ शांतपणे त्याच्या खिडकीशी गेले. ते काय म्हणाले ते नंतर त्यानेच आम्हाला सांगितलं: हात स्टिअरिंगच्या खालच्या टोकाला ठेव. ट्रेलर ज्या बाजूला जायला हवा त्या बाजूला हात ने. सावकाश. मागचे थांबतील.

तिसऱ्या खेपेला ट्रेलर बोटीखाली गेला. विंचने बोट ओढली आणि गाडी इंचाइंचाने वर निघाली. ताईने फडका काढला तसं त्या भोकातून पाण्याची जाड धार लागली. आम्ही सगळे त्या धारेकडे बघत उभे होतो. बराच वेळ ती बारीक होईना. बूच गाडीच्या पुढच्या कप्प्यात, कागदांखाली निघालं.

"मी नियम वाचून काढलं होतं," तो म्हणाला. "लावायचं राहिलं."

"सगळ्यांचं एकदा तरी राहतं," ताई म्हणाली. चिंब कपड्यांनी उभ्या उभ्या तिने त्याला किल्लीची दोरी दाखवली. इंजिन लगेच सुरू करू नको, आतलं पाणी कुठवर चढलं होतं ते आधी बघ, पंखा चालवून पेट्रोलची वाफ बाहेर जाऊ दे, हेही सांगितलं. भावोजी तेवढ्यात पोचले आणि ओलीचिंब बायको बघून घाबरले. "अहो, मी ठीक आहे, टॉवेल द्या आधी," ती म्हणाली.

दिवसभर आम्ही पाण्यावर होतो. संध्याकाळी बाहेर काढायची रांग सकाळपेक्षा वाईट, कारण आता सगळे उन्हाने थकलेले. एकजण इंजिन जोरात चालवून बोट ट्रेलरवर चढवत होता. मागे पाणी उकळल्यासारखं गढूळ झालं होतं. भावोजींनी सांगितलं की तो झोत काँक्रीटच्या टोकाखालची माती उपसतो. तिथे खड्डा पडतो आणि उपसलेल्या मातीचा त्यामागे उंचवटा होतो. पाणी खाली गेलं की लोकांना ट्रेलर त्या टोकापर्यंत न्यावा लागतो, आणि चाकं कडेवरून खड्ड्यात उतरली की ट्रेलर अडकून बसतो. खड्डा करणारा तोवर घरी पोचलेला असतो. इंजिनाऐवजी विंचने ओढायला दोन मिनिटं जास्त लागतात, बस.

आमचा ट्रेलर मी घातला. ताईने सांगितलं म्हणून आधी काही वेळ नुसतं उभं राहून लोक कसे घालतात ते बघितलं. मग हात खालच्या टोकाला ठेवला. दुसऱ्या प्रयत्नात जमलं. ज्याच्या पुढे मी होते त्याने हॉर्न दिला नाही, उलट उतरून कडेने हाताने दिशा दाखवली.

वर मोकळ्या जागेत आम्ही बोट पुसायला घेतली. अंधार पडायला लागला होता. ताईने मागे वाकून बूच फिरवून काढलं, तळातलं पाणी काँक्रीटवर सांडत गेलं आणि आम्ही ते थांबेपर्यंत थांबलो. मग तिने बूच दोरीत ओवलं, किल्लीला गाठ मारली आणि सगळं माझ्या हातात दिलं.

"उद्या पहाटे तू लावायचंस."

मी ते उशाशी ठेवून झोपले.