कोराडीच्या टॉवरची वाफ, गच्चीवरून : अपडेट ३
भाऊ लोकं, नागपूरजवळच्या कोराडी वीज केंद्राच्या कूलिंग टॉवरची वाफ मी आठ किलोमीटरवर मानकापूरच्या माझ्या गच्चीवरून पाहून आणि मोजून राहिलो. मे पासूनचं अपडेट राहून गेलं होतं, आज एकदाचं टाकतो. आधी फजिती सांगतो.

मे मध्ये नवीन सेन्सर गच्चीवर लावला तं दुपारी साडेतीनला तो ह्युमिडिटी ५८ दाखवून राहिला, सोनेगावच्या हवामान केंद्रात तेव्हा १४. मी खूश, म्हटलं वाफ मानकापूरपर्यंत पोचली नं, चार दिवस बसून ग्राफ काढले. पाचव्या दिवशी दिसलं की शेजारच्या काकू कुलरची हवा खेळावी म्हणून जिन्याचं दार उघडं ठेवतात आणि ती सगळी ओली हवा सरळ माझ्या सेन्सरच्या डबीवर येते. दार थोडं लावता का विचारलं तं म्हणे, "का रे, तुझ्या डबीसाठी आम्ही उकडून मरू का?" सेन्सर हलवला, विषय संपला.

तसा टॉवर म्हणजे कुलरच आहे बाप्पा. ताट्यांवरून पाणी झिरपतं तसंच आत गरम पाणी झिरपतं, थोडं उडून जातं, बाकीचं गार होतं, फक्त पंखा नाही, गरम हवा आपोआप वर चढते. वहीत हिशोब केला तं ६६० मेगावॅटचा एक युनिट फुल चालला की तासाला ९०० ते १००० टन पाणी हवेत जातं. ऐकायला लय वाटते, पण तेवढं पाणी एका चौरस किलोमीटरवर पसरलं तं जेमतेम १ मिलिमीटर. मे च्या कोरड्या हवेत ते कुठे गेलं समजतही नाही, टॉवरच्या तोंडाशी पांढरा फुगा दिसतो तेवढाच.

खरी मजा थंडीत. ८ जानेवारी, सकाळी ६:५०, गच्चीवर ९ डिग्री, ह्युमिडिटी ९४. वाफ सरळ वर गेली आणि छताला अडल्यासारखी एकदम आडवी झाली. हात लांब करून त्या आडव्या शेपटीची लांबी मोजली, दीड मूठ, म्हणजे आठ किलोमीटरवरून पाहता अंदाजे दोन किलोमीटर. पहाटेच्या हवामान खात्याच्या बलूनचा चार्ट काढला तं खालीच इन्व्हर्जन, म्हणजे वरची हवा खालच्यापेक्षा गरम, मग वाफ वर कशी जाणार. नऊला लांबी निम्मी, साडेदहाला नुसता फुगा, आणि एसएलडीसीच्या (राज्यातल्या विजेचा हिशोब ठेवणारं लोड डिस्पॅच सेंटर) साइटवर कोराडीचं जनरेशन तिन्ही वेळा जवळपास तेवढंच! म्हणजे शेपूट लांब दिसली की प्लांट जास्त चालून राहिला असं जे आपण सगळे समजत होतो (मी पण) ते चूक, शेपूट हवा ठरवते.

आणि हो, तो धूर नाही, पाण्याचे बारीक थेंब आहेत, धूर बाजूच्या उंच चिमणीतून निघतो. घरी सांगून थकलो. जागतिक हवामान संघटनेच्या २०१७ च्या क्लाउड ॲटलासमध्ये (त्यात ढगांचे प्रकार आणि नावं असतात) माणसामुळे झालेल्या अशा ढगांना 'होमोजेनिटस' नाव दिलंय, आणि अमेरिकेत तं कडक थंडीत टॉवरच्या वाफेतून खाली बर्फ पडल्याची नोंद १९७६ सालची आहे. आपल्याकडे माझ्या डबीत थंडीभर एक डिग्रीचाही फरक सापडला नाही, पण आठ किलोमीटरवरून काय सापडणार म्हणा.

दुसरा सेन्सर आणलाय. कोराडीत कोणाची गच्ची असेल तं सांगा, आजूबाजूला कुलर नको फक्त.