आमची वाटचाल : पडवीतल्या बालवर्गाची

२०१२ च्या जूनमध्ये आमच्या घराच्या पडवीत नऊ मुलांना घेऊन बालवर्ग सुरू केला. घर दापोलीजवळच्या हर्णै बंदरापासून चालत वीस मिनिटांवर, माडा-पोफळींच्या वाडीत. भांडवल पंधरा हजार रुपये. त्यात दोन सतरंज्या, एक फळा, चित्रांचे तक्ते, खडू आणि पडवीला लावायची जाळी आली. जाळीवर सगळ्यात जास्त खर्च झाला, कारण पायऱ्या उतरलं की लगेच विहीर.

पडवी ही सासूबाईंची जागा. दुपारचं निवडणं-टिपणं, वाल सोलणं, झावळीचे हीर काढून केरसुण्या बांधणं, सगळं त्या तिथेच बसून करायच्या. वर्ग सुरू करायला त्यांनी होकार दिला, पण स्वतःचा कोपरा सोडला नाही. पहिल्या आठवड्यात मी फळ्यावर मासा काढून ‘म’ शिकवत होते आणि नऊपैकी सात मुलं त्यांच्याभोवती जाऊन बसली होती. मला वाईट वाटलं. मी मुलांना परत बोलवायला लागले तेव्हा त्या म्हणाल्या, “अगो, असू देत गो इथे. हात चालतायत ना त्यांचे?”

बालशिक्षणाचा अभ्यासक्रम मी केला होता. ताराबाई मोडकांनी १९४५ साली बोर्डीला ग्राम बाल शिक्षा केंद्र कसं उभं केलं, मुलं शाळेत येत नाहीत म्हटल्यावर वाडीवरच्या अंगणातच वर्ग कसा भरवला, महागडी साधनं बाजूला ठेवून गावातल्याच वस्तू कशा वापरल्या, हे परीक्षेत लिहून आले होते. बोर्डी काही परकी नव्हे, आपल्याच किनाऱ्यावरची, फक्त उत्तर टोकाला. पुढे कोसबाडला त्यांच्या सहकारी अनुताई वाघांनी ते काम वाढवलं. एवढं पाठ असूनही माझ्याच पडवीत तेच घडत होतं ते मला कळायला सासूबाईंचा कोपरा लागला.

त्या कोपऱ्यातलं एकच काम जरा नीट सांगते, कारण आमचा बालवर्ग त्यावर उभा आहे.

कडवे वाल रात्री भिजत घालायचे, सकाळी उपसून फडक्यात बांधायचे. दुसऱ्या दिवशी मोड आले की कोमट पाण्यात टाकायचे आणि सोलायचे. अंगठा आणि पहिलं बोट यांच्यात वाल धरून एका टोकाला हलकेच दाबला की दुसऱ्या टोकाने डाळिंबी सुळकन बाहेर येते. जोर जास्त झाला तर तिचे दोन तुकडे, कमी झाला तर साल हलत नाही. तीन वर्षांच्या मुलाला पहिल्या दिवशी चार-पाच जमतात. महिन्याभरात वाटी भरते. मोजायला कोणी सांगत नाही, पण “माझ्या जास्त” म्हटलं की वाट्या शेजारी ठेवल्या जातात आणि मग मोजावंच लागतं. सालं एकीकडे, डाळिंब्या दुसरीकडे, तुटलेल्या तिसऱ्या वाटीत. वर्गीकरण हा शब्द आम्ही फक्त पालकांच्या सभेत वापरतो.

पेन्सिल धरायला हीच बोटं लागतात. माणसाच्या मनगटात आठ छोटी हाडं असतात आणि जन्मतः ती सगळी कूर्चेचीच असतात. एकेक करत त्यांचं हाड व्हायला कित्येक वर्षं जातात. अशा मनगटाला रोज चार पानं ‘क’ काढायला लावलं की मूल पेन्सिल मुठीत आवळतं, खांद्यापासून हात हलवतं आणि दमतं. म्हणून आमच्याकडे लहान गट लिहीत नाही. तो सोलतो, मळतो, ओततो, ओवतो. अक्षरं गिरवायची ती ताटातल्या वाळूत, बोटाने. वाळूत चुकलं तर ताट हलवलं की झालं. खोडरबर नको, रडणंही नको.

दिवसाची सुरुवात चपलांपासून होते. पायरीवर प्रत्येकाने आपली जोडी लावायची. डावी-उजवी हळूहळू कळते, पण त्याआधी ‘दोन म्हणजे जोडी’ हे पायातून कळतं. मग हजेरी. प्रत्येकाची एक करवंटी आहे, आतून घासून गुळगुळीत केलेली, वर त्याचं चित्र आणि नाव. आला की आपली करवंटी टोपलीतून काढून ओळीत मांडायची. टोपलीत उरतील ते आज न आलेले. “आज किती नाय आले?” हा प्रश्न मुलंच विचारतात आणि मुलंच उत्तर देतात. चित्र बघता बघता दिवाळीपर्यंत बहुतेकांना नावातलं पहिलं अक्षर ओळखू येतं, आम्ही शिकवलेलं नसताना.

मग गाणी, मुक्तखेळ, डबा, गोष्ट. मुक्तखेळात सगळ्यात चालणारा खेळ लिलावाचा. हर्णैच्या किनाऱ्यावर संध्याकाळी मासळीचा लिलाव भरतो, मुलांनी तो आईच्या कडेवरून पाहिलेला असतो. शिंपल्यांच्या टोपल्या मांडून चार वर्षांची मुलगी कमरेवर हात ठेवून बोली चढवते : पन्नास, साठ, सत्तर! पन्नास म्हणजे किती हे तिला अजून ठाऊक नाही, पण साठ त्याहून मोठा हे पक्कं ठाऊक आहे. अंकगणिताच्या पुस्तकात ते पुढे कधीतरी येणार.

वस्तूंबाबत आम्ही कडक आहोत. चिंचोके, फणसाच्या आठळ्या, शिंपले, सुपाऱ्या चालतात, पण तीन वर्षांच्या गटाला लहान दाणा मोठ्या माणसाच्या हाताखालीच. नाकात-तोंडात घालायचं वय असतं ते. गुंजा मात्र वर्गात येऊच देत नाही. लाल-काळी देखणी असते, मुलं कुंपणावरून गोळा करून हौसेने आणतात, पण बी विषारी. दर वर्षी जूनच्या सभेत हे सांगतेच.

भाषेचं असं की वर्गात कोळ्यांची मुलं, कुणब्यांची मुलं, कोकणी मुसलमान घरातली मुलं एकत्र बसतात. प्रत्येकाची बोली वेगळी. सुरुवातीला मी ‘होरी’ म्हणणाऱ्याला ‘होडी म्हण’ असं सांगायचे. तो पोरगा चार दिवस बोललाच नाही. तेव्हापासून दुरुस्त करणं सोडलं. मूल ‘होरी’ म्हणालं की आम्ही त्याच्याकडून होरीची गोष्ट ऐकतो, आपल्या बोलण्यात होडी म्हणतो, आणि दोन्ही शब्द त्याचेच राहतात.

आता धंद्याचं. बालवर्ग चालवायचा म्हणजे मावशींचा पगार, दोन ताईंचं मानधन, खाऊ, डागडुजी हे सगळं फीतून आलं पाहिजे. पहिल्या वर्षी सगळ्यांना दरमहा ३०० रुपये फी ठेवली आणि पहिले दोन महिने निम्म्या घरांतून ती आली नाही. मला वाटलं लोकांना किंमत नाही. किंमत होती, पैसे नव्हते. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते, आणि शाळा नेमकी तेव्हाच सुरू होते. मच्छीमाराच्या घरात हातात पैसा येतो तो नारळी पौर्णिमेनंतर. आंब्याच्या बागायतदाराचं उलट, त्याचा हंगाम मेअखेर आटपतो, जूनमध्ये तो वर्षाची फी एकदम देऊ शकतो. नोकरदाराला महिन्याला सोयीचं. तेव्हापासून फीच्या वहीत तीन पानं आहेत आणि फी बुडवणारं घर मला बारा वर्षांत दोनदाच भेटलं. गावात धंदा करायचा तर गावाचं पंचांग बघून करावा, हे मला इथल्याच लोकांनी शिकवलं.

२०१६ साली एक चूक केली, तीही लिहिते. शेजारच्या गावात इंग्रजी नावाचं, रंगीत भिंतींचं प्ले-स्कूल निघालं आणि आमची अकरा मुलं तिकडे गेली. घाबरून मी बाहेरच्या एका कंपनीची फ्रँचायझी घेतली. पैसे आगाऊ भरले. वर्कशीटचे गठ्ठे, प्लॅस्टिकची खेळणी, गणवेश, रोजचं मिनिटामिनिटाचं वेळापत्रक आलं. सासूबाईंचा कोपरा ‘अ‍ॅक्टिव्हिटी कॉर्नर’च्या टेबलाखाली गेला. ए फॉर अ‍ॅपल शिकवताना मागे कलमं मोहरलेली, आणि आंबा वर्कशीटवर कुठेच नव्हता. मुलं सकाळी दारात रडायला लागली. चार वर्षं आमच्याकडे कोणी दारात रडलं नव्हतं. वर्षाचा करार संपेपर्यंत थांबले, पैसे गेले, त्याचं दुःख आहेच. त्याहून जास्त दुःख त्या वर्षीच्या मुलांचं आहे. त्यांचं ते एक वर्ष मी परत देऊ शकत नाही.

पुढच्या जूनमध्ये टेबल बाहेर काढलं. सभेत सगळं सरळ सांगितलं. एक वडील उठले, लिलावात बोली बोलणारे, आवाज मोठा. “वहिनी, पोर शाळेत पाठवायचं ते काय वाल सोलायला?” मी त्यांच्यापुढे भिजलेल्या वालांचं पातेलं ठेवलं आणि त्यांच्याच मुलीला शेजारी बसवलं. तिची वाटी भरली, त्यांच्या निम्म्या डाळिंब्या तुटल्या. ते हसले नाहीत, रागावलेही नाहीत. बराच वेळ मुलीच्या बोटांकडे बघत बसले. मुलगी राहिली आमच्याकडे. सगळेच पालक असे थांबले नाहीत, सहा मुलं गेली.

मग मार्च २०२० मध्ये वर्ग बंद झाला आणि ३ जूनला निसर्ग वादळ आलं. दापोलीच्या किनाऱ्यावरच्या कोणालाही तो दिवस सांगायला लागत नाही. आमच्या पडवीचं छप्पर उडालं, वाडीतल्या चाळीसेक पोफळी आणि नऊ माड आडवे झाले. वीज किती दिवस नव्हती ते मोजणंच सोडून दिलं होतं. चिखलात चार दिवसांनी मला हजेरीच्या करवंट्या सापडल्या. एकतीसपैकी सव्वीस. चुलीशी वाळवत ठेवल्या, आणि त्या रात्री ठरवलं की वर्ग बंद करायचा नाही.

मोबाइलवर शिकवणं या वयाला जमत नाही, शिवाय रेंज नव्हती. आम्ही पिशव्या केल्या. दर पंधरा दिवसांनी प्रत्येक घरी एक पिशवी : ओवायला मणी आणि दोरा, एक गोष्ट कागदावर मोठ्या अक्षरात, आणि आईसाठी चिठ्ठी, की भाकरी थापताना एक गोळा मुलाला द्या, निवडताना शेजारी बसवा. सासूबाई तेव्हा सत्तरी ओलांडलेल्या. कुठल्या घरात काय काम चालतं हे त्यांना ठाऊक, म्हणून चिठ्ठ्या त्या सांगायच्या आणि मी लिहायचे. फी जवळजवळ शून्य. ताईंना निम्मं मानधन देता आलं, तेही माझ्या बांगड्या मोडून.

छप्पर बांधताना पतसंस्थेचं कर्ज काढलं. पत्रा बराच स्वस्त पडत होता. पण कोकणातला पाऊस पत्र्यावर कोसळायला लागला की समोरच्याचं बोलणं ऐकू येत नाही, आणि आमची गोष्टीची वेळ नेमकी पावसाळ्यातच सगळ्यात रंगते. कौलंच घातली. कर्जाचा शेवटचा हप्ता गेल्या वर्षी फिटला.

२०२२ च्या जूनमध्ये पुन्हा पूर्ण वर्ग भरला. तोवर २०२० च्या शैक्षणिक धोरणात तीन ते आठ वर्षं हा पायाभूत टप्पा म्हणून आला होता, खेळातून शिकण्याची भाषा सगळीकडे ऐकू यायला लागली होती. त्याचा आम्हाला खरा उपयोग झाला. पालकांशी वाद घालायला आता एकटीचं मत लागत नाही. तरी ‘लिहायला कधी शिकवणार?’ हा प्रश्न दर सभेत येतोच. येऊ दे. काळजीपोटीच विचारतात, आणि उत्तर द्यायला आमच्याकडे वालांचं पातेलं आहे.

सध्या पटावर ३८ मुलं आहेत, तीन ताई आणि एक मावशी. पहिल्या नऊतली एक मुलगी दापोलीला कॉलेजात जाते, सुट्टीत येऊन गोष्टी सांगते. सासूबाईंना आता खाली बसवत नाही, म्हणून त्यांची खुर्ची त्याच कोपऱ्यात ठेवली आहे आणि मुलं सोललेल्या वाट्या दाखवायला त्यांच्याकडेच नेतात.

खाडीपलीकडच्या एका वाडीतून वर्ग सुरू करा म्हणून दोन वर्षं विचारणा होते आहे. जागा आहे, मुलं पंधरा-सोळा आहेत. अडलंय ते ताईवर. तिथली बोली बोलणारी, तिथल्याच घरांतली कोणी हवी, इथून पाठवलेली नको. या पावसाळ्यापासून तिथल्या दोघीजणी आठवड्यातून तीन दिवस आमच्याकडे येऊन बसतात. दिवाळीनंतर तिकडच्या एका ओटीवर आठवड्यातून दोन दिवस वर्ग घेऊन बघणार आहोत. करवंट्या घासायला घेतल्या आहेत.