तांबट आळीतला दिवस

शनिवार, रात्री

आजचा अख्खा दिवस कसबा पेठेत गेला. जाताना मेट्रोने गेले. सप्टेंबर २०२४मध्ये सुरू झालेल्या भुयारी टप्प्यावर पेठेच्या नावाचंच स्थानक आहे. तिथून वर आलं की आपण पुण्याच्या सगळ्यात जुन्या वस्तीत.

आधी कसबा गणपतीला गेले. ग्रामदैवत आणि मानाचा पहिला. अनंत चतुर्दशीच्या गर्दीत नीट दर्शन कधी होत नाही, आज शांतपणे बसता आलं. १६३०च्या सुमारास आदिलशाहीच्या मुरार जगदेवाने पुणं जाळलं आणि गाढवाचा नांगर फिरवला. पुढे जिजाऊ लहानग्या शिवबाला घेऊन इथे आल्या आणि सोन्याच्या फाळाने जमीन नांगरून घेतली, ही कथा लहानपणापासून ऐकलेली. या देवळाशीही जिजाऊंचं नाव जोडलेलं आहे. उजाड गावात पुन्हा माणसं येऊन राहावीत म्हणून त्या बाईने काय काय केलं असेल, याचाच विचार बराच वेळ डोक्यात होता.

लाल महाल जवळच. १६६३च्या एप्रिलमध्ये महाराजांनी शायिस्तेखानावर छापा घातला तो इथे. पण मूळ वाडा आता नाही. आजची इमारत महापालिकेने १९८०च्या दशकात बांधली. शनिवारवाड्याचंही तसंच, १८२८च्या आगीत आतलं सगळं गेलं आणि तट, दरवाजे, जोती तेवढी उरली. त्याला आज बाहेरूनच नमस्कार केला, कारण मला आळ्यांमधून फिरायचं होतं.

शिंपी आळी, फणी आळी, कागदीपुरा, कुंभारवाडा. पाटी वाचली की तिथे कोण राहत होतं ते कळतं. काही ठिकाणी आता फक्त पाटीच उरली आहे, वाड्याच्या जागी सोसायटी आणि खाली पार्किंग. तांबट आळीत मात्र आळी दिसायच्या आधी ठोके ऐकू येतात.

एका कारखान्याच्या दारात उभी राहिले तर आतल्या काकांनी, "या ताई, बसा," म्हणून स्टूल पुढे केलं. घंगाळ्याचं काम चाललं होतं. तांबं भट्टीत लालबुंद तापवलं की मऊ पडतं, त्याला आकार देता येतो. ठोकत गेलं की ते पुन्हा कडक होतं, म्हणून परत तापवायचं. आकार झाला, भांडं लख्ख झालं की मग मठारकाम. गुळगुळीत तोंडाच्या हातोड्याने एकेक ठोका, ओळीने, सारख्या अंतरावर. मला वाटायचं हे नुसतं नक्षीसाठी. पण या ठोक्यांनी पत्रा घट्ट होतो, भांड्याला बळकटी येते. त्यावर कुठेही खूण करून घेतलेली नव्हती. भांडं डाव्या हाताने फिरत होतं, उजवा हात पडत होता आणि ओळ जराही हलत नव्हती. मी किती वेळ बघत बसले, कोण जाणे.

हे तांबट पेशवाईत कोकणातून इथे आले. हंडे, कळश्या, बंब ही त्यांची रोजची कामं. स्टील आणि गिझर आले आणि घरोघरचं गिऱ्हाईक तुटलं. आता दिवे, हॉटेलांची भांडी, सजावटीच्या वस्तू जास्त होतात. कुणाला यात परंपरा बिघडल्यासारखं वाटेल, मला अजिबात नाही. हातोडा चालू राहायला हवा, त्याखाली बंब असो की दिव्याची शेड. वारसा म्हणून आपण तट आणि दरवाजे जपतो, ते जपायलाच हवेत. पण या पेठेत पेशवाईपासून खंड न पडता चालत आलेलं जे काही मला आज दिसलं, ते त्या काकांच्या मनगटात होतं. त्याच्या दुरुस्तीला कुठलाही निधी पुरणार नाही. त्याला काम मिळायला हवं आणि त्या कामाचे नीट पैसे.

एक तांब्या घेतला. भाव केला नाही. भाची सुट्टीत येईल तेव्हा तिला आधी या आळीत नेणार आहे, लाल महाल त्यानंतर.