बरोबर उत्तर दिलं तरी 'बेसिक्स वीक'

आज खरंच डोकं फिरलंय, लिहिल्याशिवाय झोप यायची नाही. संध्याकाळी पुण्यातल्याच एका कंपनीच्या इंटरव्ह्यूचा टेक्निकल राऊंड होता, ऑनलाइन, जावा बॅकएंडच्या (सर्व्हरकडचा कोड लिहायच्या) जॉबसाठी. मला कॅमेरा चालू ठेवायला लावला, इंटरव्ह्यू घेणाऱ्यांचा मात्र शेवटपर्यंत बंद, नाव सुद्धा सांगितलं नाही, आले आणि डायरेक्ट पहिला प्रश्न.

हॅशमॅप (जावामध्ये की आणि व्हॅल्यूच्या जोड्या ठेवायची रचना) आतून कसा चालतो सांगा. मी नीट सांगितलं, सुरुवातीला टेबलात १६ बकेट म्हणजे कप्पे, लोड फॅक्टर ०.७५ म्हणजे एन्ट्री कप्प्यांच्या ७५ टक्क्यांवर गेल्या की टेबल मोठं होतं, एकाच बकेटमध्ये बऱ्याच एन्ट्री आल्या की लिंक्ड लिस्ट (एकामागे एक साखळी) बनते आणि ती ८ च्या वर गेली की तिचा रेड-ब्लॅक ट्री (शोधायला फास्ट अशी झाडासारखी रचना) होतो, पण टेबल निदान ६४ चं असेल तरच, नाहीतर आधी टेबलच मोठं केलं जातं. तर म्हणे नाही, लिंक्ड लिस्टच राहते, ट्री फक्त ट्रीमॅपमध्ये, म्हणजे जावाच्या दुसऱ्या एका मॅपमध्ये असतो. म्हटलं सर, जावा ८ पासून असंय, म्हणजे २०१४ पासून, सोर्स कोड स्क्रीनवर उघडून दाखवू का? "पुढे जाऊ." बस. दोन मिनिटं बघितलं असतं तर विषय तिथंच मिटला असता ना!

मग साध्या डॉक्युमेंटमध्ये कोड लिहायला लावला, रन करायची सोय नाही, आणि मी विचार करत बोलायला लागलो की मध्येच "फास्ट, फास्ट". मी रोज जे काम करतो, डेटाबेसच्या स्लो क्वेरी शोधणं, एक्सप्लेन प्लॅन (डेटाबेस क्वेरी कशी चालवतो ते) वाचून इंडेक्स लावणं, रात्री प्रॉडक्शन पडलं की लॉग धुंडाळणं, त्यावर एक प्रश्न नाही. जेडीमध्ये (जॉब डिस्क्रिप्शनमध्ये) मात्र हेच सगळं लिहिलेलं.

रात्री एचआरचा मेल, 'बेसिक्स वीक', म्हणजे पाया कच्चा. हे सगळ्यात जास्त लागलं. मला निदान माहिती होतं की मी बरोबर आहे, पण माझ्या जागी एखादा फ्रेशर असता तर बिचारा आपलंच चुकलं समजून बरोबर शिकलेलं पण विसरला असता, आणि ९० दिवसांचा नोटीस पीरियड चालू असलेल्याला तर असा एकेक राऊंड किती महाग पडतो हे त्यालाच विचारा.

मी हॅशमॅपच्या सोर्स कोडमधल्या त्या ओळी कॉपी करून एचआरला रिप्लाय केलाय. जॉब नका देऊ, पण तेवढा शेरा रेकॉर्डमधून काढा आणि पुढच्या कँडिडेटला विचारायच्या आधी ते उत्तर दुरुस्त करा, एवढंच लिहिलंय.