ओल्या वाफ्यासाठी तीन महिने

आमच्या इमारतीमागच्या पिंपांत यंदा तेरडा, माका, ब्राह्मी आणि तालीमखाना फुलला आहे. मात्र त्यासाठी मातीपेक्षा सोसायटीच्या कार्यालयातच माझा अधिक वेळ गेला, आणि त्याची चीड अजून ओसरलेली नाही.

तेरड्याचे बी पहिल्या पावसाबरोबर पेरायचे असते, म्हणून गेल्या वर्षी मेच्या पहिल्याच आठवड्यात, सतत ओल्या मातीची पिंपे मागे ठेवू द्यावीत असा अर्ज मी सोसायटीला दिला. पाणी साचेल, डास होतील आणि पालिकेची नोटीस येईल, असे समितीने कळवले. भीती निराधार नव्हती, कारण डेंग्यू पसरवणारा एडिस डास साचलेल्या स्वच्छ पाण्यात वाढतो आणि मुंबईच्या उष्म्यात अंड्यापासून डास व्हायला ८ ते १० दिवस पुरतात. परंतु मला पाणी साठवायचेच नव्हते. आडव्या कापलेल्या पिंपात काठोकाठ माती भरायची आणि मातीच्या चार बोटे खाली बाजूला भोक पाडायचे, म्हणजे जादा पाणी तिथून निघून जाते आणि मुळे ओलीच राहतात, हे मी आकृती काढून दिले. तरीही चिटणीसांनी वॉर्ड ऑफिसचे पत्र मागितले. तिथे मी तीन खेपा घातल्या. खासगी आवारातल्या कुंड्यांना परवानगी लागत नाही, असे सांगण्यात आले, पण तेवढेच लेखी द्यायला कोणी तयार होईना. जून गेला, जुलै गेला, पेरणी हुकली. अखेर ऑगस्टच्या मध्यावर मी एक पिंप भरून फाटकाजवळ ठेवले, त्यावर दोन बादल्या पाणी ओतले आणि अध्यक्षांना खाली बोलावले. त्यांनी मातीत बोट खुपसले. बोट चिखलाने माखले, वर मात्र पाणी नव्हते. ‘एवढंच होतं होय?’ म्हणत त्यांनी त्याच संध्याकाळी सही केली. अर्जाआधी भरलेले पिंप दाखवा, हे मी आता प्रत्येकाला आवर्जून सांगतो.

त्या वर्षी ब्राह्मी आणि माका तेवढे लावता आले. मातीत खत घालू नये, नाहीतर पाने माजतात. तालीमखान्याला तीक्ष्ण काटे असतात, तो मुलांच्या वाटेपासून दूर ठेवावा. राष्ट्रीय उद्यानातून रोपे उपटून आणणे गुन्हा आहे. बी ओळखीच्यांकडून मागावे. तेरड्याची पिकलेली बोंडे हात लागताच फुटतात, म्हणून आधी पिशवी चढवावी आणि मगच ती खुडावीत.

केना आपोआप उगवला आहे, तोही मी राहू दिला. त्याची निळी फुले दुपारपर्यंत मिटतात, त्यामुळे त्यावरच्या मधमाश्या बघायच्या तर सकाळीच जावे. निळ्या पट्ट्यांची मधमाशी तेरड्यावर येते. काल तिन्हीसांजेला तिचे दोन नर तालीमखान्याच्या देठाला जबड्याने घट्ट धरून झोपलेले मला दिसले.