सोळा वर्षांच्या महाराजांची बाग

बडोद्याला मी बाग पाहायला गेले नव्हते. दांडिया बाजारात राहणाऱ्या मावसबहिणीच्या मुलाची मुंज होती आणि नाशिकहून आमच्यापैकी कोणीतरी जाणे आवश्यक होते. पहिले दोन दिवस जेवणावळी, आहेर आणि नात्यांचे खुलासे यांत गेले. त्या दोन दिवसांविषयी लिहिण्यासारखे एवढेच की बडोदेकरांच्या आग्रहाला नकार देण्याची एकही सभ्य रीत मला सापडली नाही.

तिसऱ्या दिवशी पहाटे पावणेसहाला बहिणीचे सासरे, ज्यांना सारा वाडा आप्पा म्हणतो, माझ्या उशाशी येऊन उभे राहिले. वय ८२, अंगात स्वेटर, हातात काठी. "वनस्पतिशास्त्र शिकवतेस ना कॉलेजात? मग कमाटी बाग न बघता कशी जाशील?" मला झोप हवी होती, वनस्पती नको होत्या, पण ज्या घरचे दोन दिवस जेवलो, त्या घरच्या वडीलधाऱ्यांना नाही म्हणता येत नाही. रिक्षा करू म्हटले, तर आप्पांनी माझ्याकडे असे पाहिले की मी मुकाट्याने चपला घातल्या.

कोठीच्या बाजूने चालत आम्ही काळ्या घोड्यापाशी पोहोचलो. सयाजीरावांच्या राज्यकारभाराच्या रौप्यमहोत्सवानिमित्त उभारलेला हा त्यांचा अश्वारूढ पुतळा. रिक्षावाल्यांच्या तोंडी महाराजांचे नाव क्वचितच येते, घोड्याचेच येते. आप्पा पुतळ्याला रोज हात जोडतात. समोर विश्वामित्रीचा पूल आणि शेजारी बागेचे फाटक. पाट्यांवर आणि नकाशांवर 'सयाजी बाग' असते, परंतु जुन्या बडोदेकरांच्या तोंडी ती कमाटी बागच. शंभराहून अधिक एकरांच्या या बागेत शिरायला तिकीट लागत नाही, ही गोष्ट आप्पांनी मला फाटकापाशी एकदा आणि आत गेल्यावर दोनदा सांगितली.

तो अभिमान मला पटला होता. बाग सार्वजनिक असणे ही आज आपल्याला हवापाण्याइतकी सहज गोष्ट वाटते, पण या बागेच्या काळी तसे नव्हते. कलकत्त्याजवळ शिबपूरची वनस्पतिबाग कर्नल रॉबर्ट किड याने १७८७ मध्ये सुरू केली, ती कंपनीच्या व्यापारासाठी; तिथे साग वाढतो का, मसाल्याची झाडे रुजतात का, हे पाहायचे होते. लंडनजवळची क्यूची बाग १७५९ पासूनची, पण ती राजघराण्याची; राष्ट्राच्या ताब्यात आली ती १८४० मध्ये. आपल्याकडच्या संस्थानिकांच्या बागांना तर तटबंदी असे आणि दारावर पहारेकरी. अशा काळात, १८७९ मध्ये, एका संस्थानाच्या राजधानीत नदीकाठची एवढी मोठी जमीन रयतेच्या फिरण्यासाठी काढून ठेवली गेली आणि तिच्यात प्राण्यांचे पिंजरेही आले. हे सारे मी बोलून दाखवले तेव्हा आप्पा खूश झाले आणि म्हणाले, "महाराजांची दृष्टीच तशी होती."

इथे माझे चुकले. शिक्षकाच्या सवयीने मी वजाबाकी केली. महाराजांचा जन्म १८६३ चा. तो कोणा नाशिककराने विसरावा असा नाही, कारण मालेगाव तालुक्यातल्या कवळाणे गावचा गोपाळ नावाचा मुलगा बडोद्याच्या गादीवर बसला ही कथा आम्हाला शाळेपासून ऐकवली जाते. मल्हाररावांना इंग्रजांनी पदच्युत केल्यावर, १८७५ च्या मे महिन्यात, महाराणी जमनाबाईंनी त्याला दत्तक घेतले. तेव्हा तो बारा वर्षांचा होता आणि धड लिहिता-वाचताही येत नव्हते.

"आप्पा," मी म्हणाले, "१८७९ मध्ये महाराज सोळा वर्षांचे होते. राज्यकारभार त्यांच्या हातात आला तो १८८१ च्या डिसेंबरात. तोपर्यंत ते इलियट साहेबांपाशी शिकत होते. बाग लावली ती दिवाण माधवरावांच्या कारभारात."

आप्पा थांबले. काठी जमिनीवर टेकवून त्यांनी माझ्याकडे पाहिले आणि अतिशय शांतपणे, जे रागावण्यापेक्षा वाईट असते, म्हणाले, "तू नाशिकची ना? महाराज तुमच्याच बाजूचे. आणि तूच असं बोलतेस? तो मद्रासी दिवाण बाग लावणार?" एवढे बोलून ते चालू लागले आणि पुढचा अर्धा तास माझ्यापासून दहा पावले पुढे राहिले. मी मागून चालत होते. आपण बरोबर आहोत याचा आनंद पाहुण्या माणसाला फार वेळ टिकवता येत नाही.

त्या अर्ध्या तासात मी बाग खरोखर पाहिली. फुलांच्या घड्याळापाशी आप्पा न थांबता पुढे गेले, मी थांबले. वीस फुटी तबकडीवर तांबड्या आणि हिरव्या बुटक्या झुडपांची दाट लागवड आहे, यंत्र जमिनीखाली दडलेले आहे आणि वर फक्त काटे फिरतात. एक माळी गुडघ्यांखाली फळी घेऊन आकड्याची कड कात्रीने सारखी करीत होता. मिनिटकाटा त्याच्या दिशेने सरकत होता आणि तो काट्याकडे एकदाही न पाहता एका जागची छाटणी उरकून फळी पुढे ओढत होता. कापलेली पाने तो मुठीत गोळा करी आणि मूठ भरली की कमरेच्या फडक्यात टाकी, खाली एक पान पडू देत नसे. काटा त्याच्या पाठीशी येऊन पोहोचला तेव्हा तो पुढच्या आकड्यावर होता. किती वर्षे हे काम करता, असे विचारले, तर त्याने गुजरातीत उत्तर दिले, ज्यातले मला 'बाप' आणि 'पहेलां' एवढेच कळले, आणि ते पुरेसे होते.

पुढे नदीकाठी वडाची जुनी झाडे लागली. वड या शहराच्या नावातच आहे, इ. स. ८१२ च्या राष्ट्रकूट ताम्रपटात या जागी 'वडपद्रक' नावाचे गाव दान दिल्याची नोंद आहे. एका पारंबीने खाली येऊन जमीन धरली होती आणि तिचे खोड झाले होते. दुसरी वीतभर वर लोंबकळत होती आणि तिच्या टोकाला पांढरी, ओलसर, नखाएवढी कोवळी मुळे फुटलेली होती. मी वर्गात हा भाग वीस वर्षे फळ्यावर काढून दाखवते. बोट लावून पाहिले ते त्या सकाळी.

आणि चालता चालता मला माझ्याच वजाबाकीत खोट दिसू लागली. माधवरावांच्या कारभारात लागलेली बाग पुढच्या राजाने बंद केली असती, विकली असती किंवा राजवाड्याला जोडून घेतली असती तर कोण विचारणार होते? नव्या राजाला जुन्या दिवाणाची कामे मोडण्यात फार गोडी असते. सयाजीरावांनी उलट केले. बागेत संग्रहालयाची इमारत उभी राहिली आणि १८९४ मध्ये ती लोकांना खुली झाली. त्याच सुमारास, १८९३ मध्ये, त्यांनी क्यू येथे काम केलेला ड्रेस्डेनकडचा एक जर्मन उद्यानतज्ज्ञ, गुस्ताव हेर्मान क्रुंबिगेल, बडोद्याच्या बागांसाठी नेमला. हाच माणूस पुढे म्हैसूर संस्थानात गेला आणि बंगळुरूच्या लालबागेचा कर्ताधर्ता झाला. बंगळुरूत त्याचे नाव अजून घेतले जाते. बडोद्यात मी लग्नामुंजीच्या पंक्तीत पाच जणांना विचारले, एकालाही ते ठाऊक नव्हते. रागावण्याचा अधिकार खरे तर मला इथे होता.

बागेबाहेर आल्यावर आप्पांनी मला न विचारता सेव उसळ मागवली आणि माझ्या ताटलीत तरी दोनदा ओतायला लावली. ही शिक्षा होती, हे मला डोळ्यांतून पाणी आल्यावर समजले. (उसळ आपली आणि शेव त्यांची, असे मिश्रण बडोद्याखेरीज कुठे झाले असते असे मला वाटत नाही.) पाव संपल्यावर मी तहाची बोलणी सुरू केली.

"आप्पा, माधवराव मद्रासी नव्हते."

"टी. माधवराव. टी म्हणजे तंजावर. मला शिकवू नकोस."

"तंजावरच, पण तंजावरचे मराठी. जन्म कुंभकोणमचा, १८२८ चा. मराठ्यांच्या राज्याबरोबर दक्षिणेत गेलेल्या देशस्थ घराण्यातले. घरची भाषा मराठी."

आप्पांनी पाण्याचा पेला खाली ठेवला. मी संधी साधून बाकीचेही सांगितले. बडोद्याआधी ते इंदूरला होळकरांचे दिवाण होते, त्याआधी चौदा-पंधरा वर्षे त्रावणकोरचे. तिरुवनंतपुरमला त्याच काळात संग्रहालय आणि प्राणिसंग्रहालय सार्वजनिक बागेत मांडले गेले होते. तिथल्या संग्रहालयाची आजची इमारत चिझम नावाच्या वास्तुविशारदाची, आणि बडोद्याच्या बागेतल्या संग्रहालयालाही त्याच चिझमचा हात लागलेला आहे. बाग, पिंजरे आणि संग्रहालय एका आवारात ठेवायचे, ही कल्पना माधवरावांनी त्रावणकोरात पाहिली आणि सोबत आणली असावी, असे माझे मत आहे. आप्पा काही बोलले नाहीत. परत येताना मात्र त्यांनी रिक्षा केली.

दुपारी मी एकटी संग्रहालयात जाऊन आले. ममीभोवती इतकी गर्दी होती की मला इजिप्तपेक्षा लोकांच्या पाठीच जास्त दिसल्या; अकोट्याच्या जैन धातुमूर्तींसमोर मात्र कोणीही नव्हते, म्हणून तिथे पाऊण तास उभी राहिले. संध्याकाळी बाग ओळखू येत नव्हती. हिरवळीवर डबे उघडले होते, फुगेवाले ओरडत होते आणि एक मुलगी वडाच्या पारंबीला धरून मोबाइलसमोर तोच नाच सातव्यांदा करीत होती. मला गर्दी आवडत नाही, हे मी लपवणार नाही. परंतु तिकीट नसलेल्या बागेत रविवारी संध्याकाळी शांतता शोधणारी बाई हीच तिथे परकी असते.

आप्पा फाटकाजवळच्या बाकावर त्यांच्या तीन मित्रांबरोबर बसले होते. मला पाहून त्यांनी जागा करून दिली आणि ओळख करून दिली: सुनेची मावसबहीण, नाशिकची, प्राध्यापक आहे. मग मित्रांकडे वळून, काठी टेकवून, ते सांगू लागले, "तर मी काय म्हणत होतो, बागेचा पाया घातला माधवरावांनी. तंजावरचा आपला मराठी माणूस. लोक उगीच मद्रासी म्हणतात. महाराज तेव्हा सोळा वर्षांचे होते, त्यांनी मग ती मोठी केली. सकाळीच मी हिला सगळं समजावून सांगितलं."

तिन्ही मित्रांनी माझ्याकडे पाहिले. मी मान डोलावली.