माटोळीच्या आदल्या दिवशी

उद्या चवथ, म्हणजे गणेश चतुर्थी, त्यामुळे आज गोव्यातल्या फोंड्याच्या आमच्या घरात दिवसभर माटोळीची, म्हणजे गणपतीच्या वर फळं बांधून टांगायच्या चौकटीची, धांदल. बाबांनी लाकडी चौकट धुऊन पुसून टांगली. आजी सोप्यावर बसून एकेक जिन्नस निवडत होती: कांगलां, करमलं, आंबाडे, सुपारीचा शिपटा. बाजारात हे सगळं विकत मिळतं. पण कुठलं फळ खायचं, कुठलं नुसतं बांधायचं आणि कुठलं डोंगरात नेमकं कुठे सापडतं, हे आजीलाच ठाऊक. माझी लेक तिच्या मांडीला मांडी लावून प्रश्न विचारत होती आणि आजी न थकता उत्तरं देत होती. असं शिक्षण मी तिला कुठून आणून दिलं असतं?

आम्ही दोघंही नोकरीला. लेक शाळेतून येते तेव्हा दार उघडं असतं, ताटात गरम शीत-हुमण, म्हणजे भात आणि माशांची आमटी, असतं. आजीच्या गोळ्या मात्र लेकच आठवणीने काढून देते. कुरबुरी होतात, एका स्वयंपाकघरात होणारच. तरी वेगळ्या फ्लॅटचा विचार मला कधी पटला नाही.

रात्री म्हापशाहून काका-काकू येतायत. नेवऱ्यांचं सारण तयार आहे, काकू आल्या की तळायला बसू.